अकरा फ्लॉप्या आणि अक्कांचा अंगठा

चि. ईरा आणि चि. ओम, दोघांना अनेक आशीर्वाद.

माझ्या हातून एकदा सहाशे बारा माणसं हरवली. एकाच दुपारी, आपल्या साताऱ्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर. त्यांत सात मामा होते, चौदा आत्या होत्या, फलटणचं एक अख्खं कुटुंब होतं आणि म्हसवडच्या मामी होत्या. बाकीचे सगळे हरवले असते तरी मी कसंबसं निभावलं असतं. म्हसवडच्या मामी हरवून चालण्यासारखं नव्हतं.

हे आजच लिहायला बसले त्याला कारण ईरा. परवा फोनवर ती म्हणाली, "आजी, माझ्या लॅपटॉपवरच्या लिनक्सचा सपोर्ट संपतोय, आता दुसरं लिनक्स टाकायचं. बाबा म्हणाले, आधी आजीला फोन कर आणि तिने काय केलं होतं ते विचार. मग ते सोडून बाकी सगळं कर." (तुमचे बाबा लग्नाआधी माझ्याबद्दल असं बोलत नसत!) फोनवर ही गोष्ट सांगायला गेले की मला हसू येतं, हसता हसता खोकला येतो, आणि तेवढ्यात तुमचे आजोबा मधे पडून स्वतःची बाजू मांडतात. म्हणून लिहूनच पाठवते. व्यवस्थित आणि क्रमाने. 'क्रमाने' हा शब्द लक्षात ठेवा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वेळच्या साताऱ्याच्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात. दोन वाजले की सगळं गाव हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखं व्हायचं. कोपऱ्यावरच्या रिक्षा झोपायच्या, रिक्षांत रिक्षावाले झोपायचे, खिडकीतून दिसणारा किल्लासुद्धा डोंगरावर आडवा होऊन डुलकी काढतोय असं वाटायचं. आमच्या घरात जागी फक्त मी. मी त्या वेळेत लेबलं लावत असे.

लेबलं हा माझा आजार, हे मी आधीच कबूल करते. मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले, आणि वर्गात शिस्त लावण्याजोगं कुणी उरलं नाही तेव्हा डबे हाताशी आले. साखर, तूरडाळ, पोहे, सगळ्यांवर पांढरी चिठ्ठी, वर मराठी, खाली इंग्रजी, शाईच्या पेनाने. तुमच्या आजोबांच्या मोज्यांच्या खणावरही 'मोजे' लिहिलेलं होतं. ते फौजेत सिग्नल्समध्ये होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ते म्हणत, "सुमन, एक दिवस मला उठून बघावं लागेल की माझ्या पाठीवर काय लिहिलंय!"

तर अशा घरात तुमच्या आईचं, म्हणजे मेधाचं, लग्न ठरलं. मुलगा सांगलीचा, प्रसाद. तुमचे बाबा. संगणकाचं काम करणारे, शांत, आणि मला तेव्हा 'काकू' म्हणणारे. साखरपुडा झाल्यावर त्यांनी स्वतः जुळवलेला एक संगणक आणून आमच्या मागच्या खोलीत ठेवला. संगणक चालवणारी प्रणाली म्हणून त्यावर लिनक्स होतं. ते एका मासिकाबरोबर सीडीवर फुकट आलेलं होतं, एवढंच त्याच्याविषयी मला कळलं. पण त्यात एक गोष्ट अशी होती की मी पहिल्याच दिवशी त्याच्या प्रेमात पडले. ते आत घेण्याआधी नाव विचारायचं आणि परवलीचा शब्द विचारायचं. सांगितला नाही तर दारातच उभं करायचं! माझ्या घरात असं वागणारं माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

आणि मला नेमकं असंच कुणीतरी हवं होतं, कारण मला मानपानाची यादी लपवायची होती.

लग्नात कुणाला बोलवायचं ही झाली अर्धी यादी. कुणाला नऊवारी, कुणाला सहावारी, कुणाला नुसता खण, कुणाला टॉवेल-टोपी ही खरी यादी. आदल्या लग्नात, माझ्या पुतण्याच्या, ही यादी मी कागदावर केली होती. तो कागद म्हसवडच्या मामींच्या हाती लागला. मामी म्हणजे तुमच्या आजोबांच्या मामाची बायको. त्यांच्या नावापुढे 'सुती सहावारी' आणि त्यांच्या धाकट्या जावेपुढे 'रेशमी नऊवारी' असं माझ्या सुंदर अक्षरात, दोन भाषांत लिहिलेलं होतं. (मराठी वाचून कुणाला शंका उरली असती तर खाली इंग्रजी होतंच.) मामी भरल्या ताटावरून उठल्या, मांडवातून निघाल्या आणि एसटीत बसून म्हसवडला गेल्या. त्यांच्या पानात जिलबी तशीच राहिली. त्या जिलबीविषयी आमच्या घरात पाच वर्षं बोलणं चाललं होतं.

मेधाने मला आधीच बजावलं होतं. "आई, मला दागिने कमी दे, जेवणात एक पदार्थ कमी कर. पण माझ्या लग्नातून कुणी रुसून गेलेलं मला चालणार नाही. मी परदेशी जाणार. जाताना मागे कुणाचं तोंड वाकडं नको."

म्हणून या वेळी कागद नाही. संगणक, आणि परवलीचा शब्द.

यादी सांगायला सांगलीहून अक्का आल्या. अक्का म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहीण. सांगलीजवळच्या खेड्यात दिलेल्या, घरची हळदीची शेती, बोलणं तिकडचं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सगळं गणगोत त्यांच्या डोक्यात. नऊ दुपारी त्या मागच्या खोलीत चटईवर आडव्या झाल्या, डोळे मिटले आणि बोलल्या. नावं आठवायच्या नाहीत त्या, रस्त्याने चालायच्या!

"फलटणला उतरले बघ. आता डावीकडं. चिंचंखालचं घर. लिव्ह, तिघं भाऊ. थोरल्याला टोपी-उपरणं, बायकूला नऊवारी. मधल्याची बायकू तिखट हाय, तिलाबी नऊवारी. पुढं चल. हितं दारात म्हातारा बसलाय... न्हाई गं, त्यो मेला की. मेला तरी बसलाय मेला! ऱ्हाऊ दे, पुढं चल."

पडदे ओढलेले, पंख्याची घरघर, आणि मी त्यांच्या मागे मागे गावोगावच्या गल्ल्यांतून टंकलेखन करत चाललेले. कधी त्यांना झोप लागायची आणि तरीही त्या बोलत राहायच्या. कधी मला लागायची आणि बोटं चालू राहायची. त्या नऊ दुपारी जितका प्रवास केला तितका मी आयुष्यात केलेला नाही. शेवटी सहाशे बारा माणसं झाली. बोटं मागे पडली की खरडलेले टिपणाचे कागद मी रोज सकाळी पाणी तापवायच्या बंबात जाळत होते. एक चिटोरं मागे ठेवलं नाही. किती व्यवस्थित!

आणि मग प्रसादचा फोन आला.

"काकू, एक सांगायचं होतं. आपल्या लिनक्सचा सपोर्ट संपला."

"म्हणजे ते बंद पडणार?"

"नाही, चालत राहील. पण बनवणारे आता त्यातले दोष दुरुस्त करणार नाहीत."

खुर्चीतून आजोबा म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखं झालं. रिटायर्ड! गाडी चालतेय, पण सुटे भाग मिळत नाहीत."

प्रसादचं म्हणणं असं, की लग्नानंतर पंधरा दिवसांत ते दोघं निघणार. मग साताऱ्यात लिनक्स जाणणारं कुणी नाही. त्याआधीच दुसऱ्या, नव्या लिनक्सवर जाऊन घेऊ. "घर बदलण्यासारखं आहे काकू. सामान बाहेर काढायचं, जुनं घर पाडायचं, नवं बांधायचं, सामान परत लावायचं. मी रविवारी येतो."

घर पाडायचं हे काही मला आवडलं नाही, पण मी 'या' म्हटलं.

त्याच रविवारी गुरुजींनी हळद कांडायचा मुहूर्त दिला होता, हे फोन ठेवल्यावर आठवलं. लग्नाची हळद पाच सवाष्णींनी कांडायची, उखळाभोवती, मुसळाला आंब्याची पानं बांधून. आणि नेमक्या त्या वेळी नवरा मुलगा नवरीच्या घरी! शेजारच्या बायकांना कळलं असतं तर गावभर झालं असतं. प्रसाद सीडी आणि फ्लॉप्यांचं, म्हणजे संगणकातलं सामान साठवायच्या चपट्या चौकोनी तबकड्यांचं, खोकं घेऊन पुढच्या दाराने आत आला, तेव्हा पाचांपैकी तिसरी सवाष्ण फाटक उघडत होती. मी त्याला दंडाला धरून मागच्या खोलीत ढकललं.

"प्रसाद, खोकायचं नाही!"

"पाणी मिळेल का, काकू?"

"नाही!"

यादी झाल्यावर गावी गेलेल्या अक्का हळकुंडं घेऊन आदल्या दिवशीच परत आल्या होत्या. कांडायची हळद त्यांच्याच शेतातली. पण अक्का विधवा. तेव्हाच्या रीतीने उखळापाशी त्यांना जागा नव्हती. मी शिकलेली, इंग्रजीतून भाषणं केलेली. मी काय केलं? "अक्का, तुम्ही आत जाऊन बसा. मुलावर लक्ष ठेवा आणि मेधाला आत जाऊ देऊ नका," असं म्हटलं. वर मला वाटलं, किती छान सोय झाली!

अक्का पदर सावरून आत गेल्या.

ती दुपार मी कधीकधी डोळे मिटून पुन्हा ऐकते. पुढच्या खोलीत मुसळांचा ठोका, बायकांचं गाणं, हवेत पिवळी धूळ, उन्हाचा एक तिरपा पट्टा त्या धुळीत उभा राहिलेला. मागच्या खोलीत फ्लॉपीची घर्र घर्र. दोन्ही आवाज इतके एका लयीत यायला लागले की उखळात संगणक कांडतायत की संगणकात हळद, मला कळेना. मधेच भिंतीपलीकडून अक्कांचा आवाज आला, "काय भरताय ह्यात, जावईबापू?" आणि प्रसादचा, "घर हलवतोय अक्का. सामान भरतोय." पुढचं मुसळांत बुडालं.

अकरा फ्लॉप्या भरल्या. संगणकातल्या सगळ्या सामानाचं एकच मोठं गाठोडं, अकरा तुकड्यांत. मग जुनं घर पाडलं, म्हणजे संगणक पुसून कोरा केला. नवं लिनक्स चढायला संध्याकाळ झाली, आणि प्रसादची सांगलीची एसटी सुटायची वेळ आली. सामान लावायचं राहिलं. शेवटची सवाष्ण गेल्यावर मी त्याला मागच्या दाराने बाहेर काढलं. जाताना त्याने एका कागदावर संगणकाला द्यायच्या आज्ञा लिहून दिल्या.

"काकू, बाकी सगळं तोच विचारेल. फक्त एक करा. एक ते अकरा, याच क्रमाने."

"प्रसाद," मी म्हटलं, "मी तीस वर्षं हजेरी घेतलेली आहे."

सोमवारी सकाळी अक्काही गेल्या. शेतात हळद काढणीला आली होती. दुपारी, गाव पाण्याखाली गेल्यावर, मी फ्लॉप्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. एक ते अकरा, सरळ रांगेत. आणि माझं लक्ष लेबलांकडे गेलं.

काय ती लेबलं! मुंग्यांचे पाय काढावेत तसे आकडे, तेही पेन्सिलीने. आणि वर पिवळे डाग! जेवलेल्या हातांनी फ्लॉप्या हाताळल्या की काय या मुलाने? (मी त्याला पाणीसुद्धा दिलं नव्हतं, जेवण कुठून देणार, हे मला तेव्हा सुचलं नाही.) माझ्या घरात, माझ्या टेबलावर, असली लेबलं! मी पांढऱ्या चिठ्ठ्या आणल्या, पेनात शाई भरली, डिंक काढला. आधी जुनी लेबलं काढून घ्यावीत, मग नवी एकदम लावावीत, म्हणजे कसं, काम एकसारखं होतं. एकेक लेबल नखाने सोललं, मागचा चिकटा स्पिरिटने पुसला. अकरा फ्लॉप्या काळ्याभोर, लख्ख, एकसारख्या. सोललेली लेबलं केराच्या टोपलीत. मांडणी तर होतीच क्रमाने! मला इतकं समाधान वाटलं की पहिल्या लेबलाला सुरुवात करण्याआधी मी स्वतःला चहा करून घ्यायचं ठरवलं.

स्वयंपाकघरात चहा उकळत होता, आणि टेबलापाशी झोपेतून उठलेले तुमचे आजोबा येऊन बसल्याचं मला ऐकू आलं.

आता आजोबांची एक सवय सांगायला हवी. निवृत्त फौजी मित्रांबरोबर ते रोज रमी खेळत. हाताला चपटं, चौकोनी आणि गठ्ठ्यात बसणारं काहीही लागलं, की ते पिसत. लग्नपत्रिकांचे नमुने पिसत, बिस्किटं पिसत, एकदा गॅसवाल्याची पुस्तकं पिसली. त्यांना कळतही नसे.

मी कप घेऊन बाहेर आले. आजोबा खिडकीतून किल्ल्याकडे बघत होते. डोळ्यांत अजून झोप. आणि हात आपले चालू. खट्-खट्-खट्-खट्. अकरा फ्लॉप्या वरून खाली, खालून वर, मधून दोन भाग, पुन्हा एकत्र.

त्यांनी गठ्ठा माझ्यापुढे धरला.

"काट," ते म्हणाले.

चहा सांडला. तो पुसायचं भान मला राहिलं नाही, यावरून तुम्ही काय ते समजा.

"अहो, काय केलंत हे!"

"काय केलं?" आजोबांनी हातातल्या गठ्ठ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. "ही पानं नाहीत?"

मग आम्ही एक फ्लॉपी यंत्रात घातली. यंत्राने इंग्रजीत सांगितलं, की ही पहिली दिसत नाही. दुसरी घातली. हीही नाही. इतक्या सभ्य भाषेत मला कुणी नापास केलेलं नव्हतं. मेधा तेवढ्यात बाहेरून आली, टेबलाकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, तिच्या वडिलांच्या हातांकडे बघितलं, आणि खाली बसून रडायलाच लागली.

"गेल्या मामी!" एवढंच म्हणाली.

मी प्रसादला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज आला.

"काकू," शेवटी तो म्हणाला, "अकरा फ्लॉप्या लावण्याचे सुमारे चार कोटी प्रकार होतात."

आजोबांनी रिसीव्हर घेतला. "दिवसाला दहा प्रकार केले तर?"

"जवळजवळ अकरा हजार वर्षं, काका."

"लग्न एकवीस दिवसांवर आहे," आजोबा म्हणाले. "सुट्टीच्या दिवशीही काम करावं लागेल."

(हे चार कोटींचं गणित इथे लावायचंच नव्हतं, असं प्रसादने मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. क्रम शोधायची साधी रीत होती, एका संध्याकाळीत झालं असतं. पण होणाऱ्या सासूचा आवाज तसा ऐकल्यावर त्याला ती सुचली नाही.)

शुक्रवारी साड्या घ्यायला जायचं होतं. त्याच दिवशी पत्रिका छापून येणार होत्या. आम्ही तिघांनी डोक्याने यादी करून बघितली. आजोबांना एक्केचाळीस नातेवाईक आठवले. त्यांतले अकरा हयात नव्हते आणि एक त्यांच्या पलटणीतला आचारी निघाला.

आता एकच उपाय होता. अक्का. त्यांच्या गावी फोन नव्हता. मंगळवारी आजोबा पहिल्या एसटीने गेले आणि बुधवारी दुपारी अक्कांना घेऊन आले, काढणी अर्धी टाकून. मी पायऱ्यांवरच त्यांचे हात धरले.

"अक्का, यादी पुन्हा सांगायची. सगळी. फलटणला उतरा!"

अक्कांनी हात सोडवून पिशवी खाली ठेवली.

"आगं, ती तर इसरले मी."

"विसरलात?"

"मंग? तुझ्या त्या डब्यात ठिवायला दिली न्हवं? ठिवायला दिलं म्हंजी मी इसरायला मोकळी झाले. सत्तर वरसं डोक्यावर घिऊन फिरत हुते सगळ्यास्नी. लय हलकं वाटतंय बघ आता. झोप लागती."

सत्तर वर्षांचं ते सगळं गणगोत, मेलेल्या म्हाताऱ्यासकट, त्या बाईने माझ्यावर सोपवलं होतं. आणि मी त्याला स्पिरिट लावलं होतं.

आत येऊन अक्कांनी टेबलावरच्या काळ्या गठ्ठ्याकडे पाहिलं. एक फ्लॉपी उचलली. पुढून बघितली. चेहरा उतरला.

"सुमन, माझी हळद कुटं गेली?"

"कसली हळद?"

"आगं, म्या लावल्याली. घर बदलताना नव्या घरात पयली हळद जाती. त्या पोराला म्हनलं, लावली का, तर म्हनतोय कशाला. शिकल्यालं पोर! मंग म्याच लावली. पदराला पुडी हुतीच माझ्या. एकदाच बोट भिजवलं, आन् एकेक चपटी भाईर आली तसं टेकवत गेले." त्या जरा थांबल्या. "मुसळाला तर हात लावायचा न्हवता. म्हनलं, पोरीच्या लग्नात हितं तरी लागू दे."

ते डाग. ती घाणेरडी लेबलं. मी खाली मान घालून म्हटलं, "अक्का, मी ती पुसली."

अक्कांनी फ्लॉपी उलटी केली आणि उजेडाकडे धरली.

"पुडनं पुसलीस. पाठीला हाय की."

मागच्या बाजूला, लोखंडी चकतीच्या शेजारी, पिवळा अंगठा होता! फ्लॉपी हातात धरताना पुढे बोट टेकलं तसा मागे हळदीने माखलेला अंगठा टेकला होता. अकराही फ्लॉप्यांवर. मी, जिच्या घरात डब्यांची झाकणंसुद्धा दोन्ही बाजूंनी पुसली जातात, तिने मागची बाजू बघितलीच नव्हती!

"एकदाच बोट भिजवलं म्हणालात ना?" मेधाने हळूच विचारलं. तिचं रडणं थांबलं होतं. "मग पहिल्यावर सगळ्यात गडद..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत अक्का मांडी घालून बसल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी हळकुंडांची प्रत नुसत्या रंगावरून लावली होती. ही गडद, ही तिच्या खालची, ही तिच्या खालची. मला तर शेवटच्या पाच सगळ्या सारख्याच दिसत होत्या. अक्कांनी दोन अदलाबदल केल्या, एक उजेडाला धरून हुंगली, जागेवर ठेवली, आणि दोन मिनिटांत हात झटकले.

"हं. लाव."

आजोबा मदतीला पुढे झाले. आम्ही तिघी एकदम ओरडलो, "लांब व्हा!"

पहिली घातली. यंत्र घुरघुरलं, आणि दुसरी मागितली. दुसरी दिली. तिसरी मागितली. मेधाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. अकरावी गेली तेव्हा किल्ल्याची सावली खिडकीपर्यंत आली होती. मी परवलीचा शब्द लिहिला, यादी उघडली, आणि ते सगळे तिथे होते. चिंचेखालच्या घरातले तिघं भाऊ. तिखट बायको. म्हसवडच्या मामी, रेशमी नऊवारी. सहाशे बारा माणसं नव्या घरात येऊन बसली होती.

मी सवयीने यादी तपासायला घेतली. दोनदा तपासली. मग मागे वळून विचारलं, "अक्का, तुमचं नाव कुठे आहे?"

"माझं?"

"तुमचं नाव नाही यात!"

"सांगनारी सोताला मोजती व्हय?" अक्का हसल्या.

त्यांनी सांगितलं नाही आणि मी लिहिलं नाही. नऊ दुपारी त्या माझ्यापासून दोन हातांवर पडलेल्या होत्या! नव्या लिनक्सवर मी लिहिलेली पहिली ओळ म्हणजे सहाशे तेरावं नाव. "मानाच्या रकान्यात काय लिहू, अक्का?"

"आता काय लिवतीस. हळद तर कांडून झाली."

त्या सहज म्हणाल्या, पण मला ते बरेच दिवस पुरलं. "पत्रिका राहिल्या आहेत," मी म्हटलं. पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं असतं. शुक्रवारी पत्रिका आल्या आणि मी गठ्ठा अक्कांच्या पुढ्यात ठेवला. शेजारच्या दोघी बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे तीस वर्षांच्या हजेरीच्या नजरेने बघितलं.

लग्न छान झालं. कुणीही पानावरून उठलं नाही. म्हसवडच्या मामी रेशमी नऊवारी नेसून बसल्या, त्यांनी तीन जिलब्या खाल्ल्या, आणि हात धुताना मला बाजूला घेतलं.

"सुमन, साडी चांगली हाय. पन एक इचारू? जावंच्या पत्रिकंला हळद लखलखीत, आन् आमच्या पत्रिकंला फिकी का गं? आमच्यापातुर येईस्तवर संपली व्हय तुमची?"

अक्कांनी एकदाच बोट भिजवून अकरा पत्रिका उरकल्या होत्या. मामींची अकरावी.

सहा वर्षांनी, ईरा तेव्हा रांगत होती, तुमच्या बाबांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. सहाशे बारा नावांची यादी एवढीशी असते. ती एकट्या एका फ्लॉपीत मावली असती, आणि वर भरपूर जागा उरली असती. बाकीच्या सगळ्या फ्लॉप्यांत साखरपुड्याचे फोटो आणि माझी जुनी इंग्रजी व्याकरणाची टिपणं होती, जी आजपर्यंत कुणी मागितलेली नाहीत.

तेव्हा ईरा, नवं लिनक्स खुशाल टाक. आधी सामान बाहेर काढ, मोजून घे, दोन ठिकाणी ठेव. आजोबा तिथे आले तर त्यांच्या हातात खरे पत्ते दे.

अक्का आता नाहीत. तो संगणकही नाही, आणि ते नवं लिनक्स पुढे जुनं होऊन त्याचाही सपोर्ट संपला. माझ्या कपाटात एक फ्लॉपी आहे, बहुधा सातवी. ती वाचणारं यंत्र घरात नाही. पाठीवरचा अंगठा चष्मा न लावता दिसतो. त्या कपाटातली लेबल नसलेली वस्तू ती एवढीच.